भीतीचा पंचनामा

मोहफुलं पहाटेच वेचावी लागतात. उशीर झाला की निम्मी फुलं गुरांच्या आणि रानडुकरांच्या पोटात जातात. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीतली बाई पुरतं उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली हजर असते. कंबरेत वाकलेली. हात पाचोळ्यात, डोळे फुलांवर आणि कान पाठीमागे. काहीतरी खसफसतं. ती वाकलेलीच थिजते. सरडा असतो. हात पुन्हा वेचू लागतात, पण छातीतली धडधड सरडा गेल्यावरही बराच वेळ चालूच राहते.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं आपण सहज म्हणतो. ही म्हण पाडणारा माणूस ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या जंगलात मोहफुलं वेचायला कधी गेला नसावा. इथं पाठीमागे खरोखरच वाघ असतो. २०२१पासून गडचिरोलीत छत्तीसगडकडून आलेल्या रानटी हत्तींची भर पडली आहे. वाघाने माणूस मारला तर वनखात्याची माणसं येतात, पंचनामा होतो, भरपाईची फाइल तयार होते. पण तीच भीती वीस वर्षं उशाशी घेऊन झोपलेल्या बाईला पन्नाशीत लकवा मारला, तर पंचनामा करायला कोणी येत नाही. मग तो आपणच करू.

पाचोळा वाजला त्या क्षणी तिच्या शरीरात काय झालं? मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे, अमिग्डला. धोक्याची दवंडी तो पिटतो, आणि ‘अगं, सरडाच आहे’ हे विचार करणाऱ्या मेंदूला कळायच्या आत पिटून मोकळा होतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनॅलिन सोडतात, मागोमाग कॉर्टिसॉल. हृदय जोरात धावतं, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. पचनाचं काम मागे पडतं, तोंडाला कोरड पडते. ही सगळी तयारी पळण्याची, नाहीतर लढण्याची. धोका टळला की मानेतून छाती-पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची नस हृदयाला लगाम घालते आणि गाडी पुन्हा रुळावर येते.

हरणाचंही असंच होतं. वाघाच्या तावडीतून सुटलं की थोड्या वेळाने ते चरायला लागतं. माणसाची गोष्ट वेगळी, कारण उद्या पहाटे याच झाडाखाली यायचं आहे हे त्याला आजच ठाऊक असतं.

त्यात ही भीती एकटी येत नाही. धान पिकत आलं की गडी रात्रभर मचाणावर जागलीला, झोपेचं खोबरं. घरी कर्ज, कुणाच्या घरी दारू. नक्षलग्रस्त म्हणवणाऱ्या गावांनी तर चाळीसेक वर्षं रात्री दारावर थाप पडली की श्वास रोखला. थाप कुणाची हे दार उघडल्याशिवाय कळत नव्हतं. धोक्याची घंटा अशी वर्षानुवर्षं वाजत राहिली की आवळलेल्या वाहिन्या कडक होतात, चढलेला दाब चढलेलाच राहतो, साखर बिघडते, झोप उडते, जखम लवकर भरत नाही.

जखमेचं उगाच म्हणत नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५मध्ये एक साधा प्रयोग केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या तेरा बायकांच्या हाताला त्यांनी छोटीशी जखम केली, आणि तशीच जखम तेवढ्याच वयाच्या इतर बायकांना. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. लकवा झालेल्या नवऱ्याला अंथरुणात कुशीवर वळवणारी आपल्या गावातली बाई आठवून पाहा. दवाखान्यात दोघांपैकी एकाचंच नाव नोंदलेलं असतं.

आता आपल्याच जिल्ह्याचा आकडा. ‘सर्च’ संस्थेने एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात गडचिरोलीतल्या ८६ गावांमधला प्रत्येक मृत्यू तपासला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याने, म्हणजे सातातला एक. इतर कुठल्याही एका कारणाने इतकी माणसं गेली नव्हती. मलेरिया आणि कुपोषणाचा जिल्हा म्हणून ज्याला राज्य ओळखतं, तिथली ही गोष्ट. हे सगळे लकवे भीतीने झाले असं मी म्हणणार नाही, तसं कुणी सिद्ध केलेलं नाही. मीठ आहे, तंबाखू आहे, न मोजलेला रक्तदाब आहे, अर्धवट सोडलेली गोळी आहे. पण या सगळ्यांच्या खाली जळणारा विस्तव कोणता, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

आणि त्या विस्तवावर आपण फुंकर कशाने घालतो? खर्ऱ्याने! पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकून घोटला जातो आणि ‘टेन्शन आलं होतं’ म्हणत गालात भरला जातो. निकोटिन तर स्वतःच ॲड्रेनॅलिन सोडायला लावतं, नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढवतं. खर्ऱ्याने जी तलफ शमते ती आधीच्या खर्ऱ्यानेच लावलेली असते. विस्तवावर राख पडली असं वाटतं, प्रत्यक्षात रॉकेल पडलेलं असतं.

‘मन कमजोर आहे तिचं’, ‘कुणीतरी काही केलंय’ ही भाषा आता पुरे. ‘सर्च’च्या शोधग्राममध्ये राहणारे, दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी झटणारे डॉ. अभय बंग यांनाही हृदयविकाराने गाठलं. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात त्यांनी स्वतःच्या जगण्यातला ताण लपवला नाही. डॉक्टर जे उघडपणे लिहितो ते आपण ओट्यावर बसून बोलायला का लाजावं?

‘ताण घेऊ नका’ असा फुकटचा सल्ला द्यायला मी आलेलो नाही. जंगलात वाघ असताना कसला ताण घेऊ नका? पहिली मागणी गावाची आहे: मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात वाघाचा वावर आदल्या संध्याकाळी गावाला कळलाच पाहिजे. वेचायला टोळीनेच जायचं, आणि टोळीतलं एक माणूस फक्त राखणीला उभं, त्याचा वाटा बाकीच्यांनी द्यायचा. पाठीमागे कुणीतरी पाहतंय एवढं कळलं तरी वाकलेल्या बाईचा श्वास खाली बसतो. श्वासाचं तर औषधच आहे: उच्छ्वास लांबवला की व्हेगस नस जागी होते, नाडी मंदावते. गोटुलसमोर हातात हात गुंफून रात्र रात्र रेला गाणाऱ्यांना मी श्वासाचे व्यायाम काय शिकवणार! तो रेला फक्त लग्नापुरता उरू देऊ नका.

बाकीचं सांगून टाकतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजायचा, आणि बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करायची नाही, कारण वाढलेला दाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर तेल-मंत्र नाही, थेट मोठा दवाखाना. पहिले साडेचार तास सोन्याचे. पर्लकोटेच्या पुराने भामरागड तुटतं तेव्हा हे तास कुठून आणायचे, हा सवाल सरकारला विचारायचा. जीव घाबरा होऊन राहवत नसेल तर १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात.

हे होणार नाही असं सांगणारे भेटतील. त्यांना सांगा, १९९३मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आली ती बायांनी गावोगाव उठून मागितली म्हणून. लेखा-मेंढा गावाने २००९मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, २०११मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकला. ज्यांनी जंगल परत मिळवलं त्यांना स्वतःची झोप परत मिळवता येणार नाही?

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत उठा. रस्ता, नाली, घरकुल यांच्या आधी एक विषय लिहायला लावा: ‘गावातली भीती आणि रक्तदाब’. आशाताईला रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन बोलवा, वनरक्षकाला बोलवा. आणि पहिला हात मोहफुलं वेचणाऱ्या बाईचा पुढे करा, पट्टा तिच्याच दंडाला आधी बांधा.