न उघडणाऱ्या फाईली

घाटघरहून नाणेघाटाकडे गेलें म्हणजे घाटाच्या माथ्याजवळ एक लेणें लागतें. त्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा ब्राह्मी लेख आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत साइक्स नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें तो विद्वानांच्या दृष्टीस आणला, तेव्हां तो वाचणारा कोणी नव्हता. अक्षरें होतीं, त्यांची ओळख हरवली होती. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपनें ब्राह्मीची उकल केली आणि मग भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर आदि पंडितांस या भिंती बोलत्या करतां आल्या. तेथील राजपुरुषांच्या मूर्तींचे आतां पायच काय ते उरले आहेत. पण वरचीं नांवें वाचतां येतात, म्हणून कोण कोठें उभें होतें तें कळतें.

हें सांगण्याचें प्रयोजन असें कीं, पुष्कळ घरांतून आज याच जातीची अडचण उपस्थित होत आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं हौसेनें संगणकावर उतरवून घेतलेली कुलवंशावळ किंवा आजोबांच्या आठवणी उघडावयास जावें, तर पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. कोणी तरी जाणता ‘फाईल बिघडली, काढून टाका’ असा निकाल देऊन मोकळा होतो. आमच्या मतें असा निकाल देणारास संगणकाजवळ बसूंच देऊं नये!

वस्तुतः बहुधा कांहींच बिघडलेलें नसतें. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वीं मराठी मजकूर श्रीलिपि, आकृति, आय.एस.एम. अशा प्रणालींच्या फाँटांत लिहिला जाई. त्या पद्धतींत फाईलमध्यें साठविला जाई तो देवनागरी ‘क’ नव्हे, तर कोठल्या तरी रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक; त्यावर ‘क’ चें चित्र काढण्याचें काम फाँट करी. नव्या संगणकांत तो फाँट नसला कीं चित्र जातें आणि मागचें रोमन अक्षर पुढें उभें राहतें. म्हणून मूळ फाँटाचें नांव शोधणें हें मुख्य काम. वर्डमध्यें मजकूर निवडला असतां फाँटाच्या चौकटींत तें बहुधा दिसतें. तो फाँट मिळाला तर मजकूर पूर्ववत् दिसूं लागतो. आणि त्या फाँटाचें युनिकोडमध्यें रूपांतर करणारा कन्व्हर्टर मिळाला, तर फाँटाची गरजच उरत नाहीं.

तत्पूर्वीं मूळ फाईलची नक्कल दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी व सर्व प्रयोग नकलेवरच करावे. खिचडी दिसत असतां ‘सेव्ह’ दाबूं नये; कित्येकदां चांगली फाईल या दाबण्यानेंच कायमची बिघडते.

फाईल मुळींच उघडत नसेल तर निदान निराळें. आधीं तिचा आकार पाहावा. तो शून्य असेल तर आंत कांहीं नाहीं, दुसरी प्रत शोधावी. आकार ठीक असेल तर नांवाच्या शेपटावर विश्वास न ठेवतां नक्कल नोटपॅडमध्यें उघडून आरंभींचीं अक्षरें पाहावीं. पीडीएफच्या आरंभीं टक्क्याचें चिन्ह व पुढें ‘पीडीएफ’ हींच अक्षरें असतात. वर्ड २००७ पासूनच्या डॉक्सएक्स फाईलच्या आरंभीं ‘पी’ व ‘के’ दिसतात, कारण ती आंतून झिपची पेटी असते. नकलेचें शेपूट बदलून ‘झिप’ केल्यास पेटी उघडून मजकूर कधीं कधीं हातीं लागतो.

पेजमेकरच्या फाईलींची गोष्ट मात्र खडतर आहे. तो प्रोग्राम केव्हांच बंद झाला आणि त्याच्या फाईली इनडिझाइनच्या सीएस६ नंतरच्या आवृत्त्या उघडीत नाहींत. काकांच्या माळ्यावरचा जुना संगणक अद्याप चालत असेल, तर तो भंगारांत घालण्यापूर्वीं त्यावरूनच सर्वांच्या पीडीएफ काढून घ्याव्या.

कन्व्हर्टरनें दिलेला मजकूरही डोळे मिटून स्वीकारूं नये. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं साठविलेली असे, युनिकोडमध्यें ती मागून येते. रफाराचें याच्या उलट. या अदलाबदलींत चुका राहतात, आणि त्या नांवांत राहिल्या तर वंशावळींत निराळाच पुरुष जन्मास येतो. यास्तव एकानें मोठ्यानें वाचावें, वडील मंडळींनीं ऐकावें व धाकट्यांपैकीं कोणीं दुरुस्त करीत जावें. जुनी फाईल त्यानंतरही पुसूं नये. शंका आल्यास ताडून पाहावयास ती लागते.