उकिरड्यातले केस

ग्रीनलंडच्या डिस्को उपसागरातील केकेर्तासुस्सुक या बेटावर सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा, गोठून राहिलेला उकिरडा आहे. १९८०च्या दशकात ब्यार्ने ग्रोनाव आणि मॉर्टन मेल्डगार्ड यांनी तो उकरला. ग्रोनाव पुरातत्त्वज्ञ, मेल्डगार्ड प्राणिशास्त्रज्ञ, रेनडियरचे कळप कधी वाढले, कधी रोडावले याचा माग काढणारे. त्यामुळे हाडाची चिपळीही त्यांच्या लेखी कचरा नव्हती. १९८६मध्ये त्यांना तिथे माणसाच्या केसांचा पुंजका मिळाला आणि तो कोपनहेगनमध्ये जपून ठेवला गेला.

२०१०मध्ये एस्के विलर्सलेव्ह यांच्या चमूने त्यातून जनुकसंच वाचला. प्राचीन माणसाचा इतका पूर्ण जनुकसंच प्रथमच हाती आला होता. रक्तगट ए पॉझिटिव्ह, डोळे तपकिरी, टक्कल पडण्याकडे कल (केस मिळाले हे नशीबच!), आणि जवळचे नातलग सैबेरियात.

अशा उत्खननाला पैसा मागितला की ‘उपयोग काय?’ असे विचारले जाते. १९८६मध्ये याचे उत्तर खुद्द या दोघांनाही देता आले नसते. आता तर ती जमीनच वितळू लागली आहे. हवा-पाणी शिरले की जिवाणू केस आणि हाडे कुजवतात. खोदायचे ते आताच खोदायला हवे.