नम्रतेचा उपदेश कुणी कुणाला करायचा?

ख्रिस्ती धर्म म्हटला की बहुतेकांना एका गालावर मारले तर दुसरा पुढे करण्याची शिकवण आठवते आणि हा धर्म अन्याय निमूट गिळायला सांगतो, असा निष्कर्ष लगेच निघतो. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे याने १८८७ साली याच शंकेला धार दिली. दुर्बळांनी आपल्या असहायतेलाच सद्गुण ठरवले आणि गुलामांची नीती जगाच्या माथी मारली, असा त्याचा आरोप होता. आरोप जोरकस आहे, पण बायबलमध्ये नम्र कुणाला म्हटले आहे हे पाहिले की तो लंगडा पडतो. ही नम्रता ज्याच्या हाती बळ आहे त्याने स्वतःला घालून घ्यायचा लगाम आहे. ज्याच्या हाती काहीच नाही त्याला गप्प बसवण्यासाठी ती सांगितलेली नाही.

गणना या पुस्तकात मोशे हा पृथ्वीवरचा सर्वांत नम्र मनुष्य म्हटला आहे. हाच मोशे मिसरच्या राजासमोर उभा राहून गुलामांची सुटका मागतो. सख्खी भावंडे त्याच्याविरुद्ध बोलली तेव्हा मात्र तो स्वतःची बाजू मांडत बसत नाही, उलट बहिणीला कोड फुटल्यावर ती बरी व्हावी म्हणून देवाला विनवतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांचे पाय धुतो, आणि आपण गुरू आणि प्रभू आहोत हेही स्पष्ट सांगतो. पुढे महायाजकासमोर चौकशी चालू असताना एक शिपाई त्याच्या थोबाडीत मारतो. तेव्हा येशू हात उचलत नाही, पण माझे चुकले असेल तर दाखव, नसेल तर मारतोस का, असा जाब विचारतो. फिलिप्पै शहरात चौकशीविना फटके मारून प्रेषित पौलाला आणि त्याच्या सोबत्याला तुरुंगात टाकले आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप निघून जायला सांगितले. आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे पौलाने ठणकावले. सूड न घेणे आणि सत्य न बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर इतिहासाचा दाखला देऊन कुणी म्हणेल की प्रत्यक्षात चर्चने गरिबांना सोसायलाच शिकवले. हे पुष्कळ अंशी खरे आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात दासांना कठोर धन्याच्याही अधीन राहायला सांगितले आहे आणि अमेरिकेतल्या गुलाममालकांनी अशा वचनांचा पुरेपूर वापर केला. पण रोमी कायद्यापुढे हतबल असलेल्या माणसाला दिलेला सल्ला मालकाने आपला हक्क म्हणून वाचायचा नसतो. त्याच पत्रात चर्चच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनाही कळपावर धनीपण गाजवू नका, अशी ताकीद आहे, तिचा मालकांना सोयीस्कर विसर पडला. गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मचरित्रात मालकांचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा धर्म यांत जमीन-अस्मानाचे अंतर असल्याचे बजावले, ते याचसाठी.

हा फरक महाराष्ट्राला पंडिता रमाबाईंच्या रूपाने पाहायला मिळाला. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण श्रद्धेच्या बाबतीत आपली सदसद्विवेकबुद्धी कुणाच्या हवाली केली नाही. त्यांनी इंग्रज तरुणांना शिकवू नये असे बिशपांचे मत पडले, तेव्हाही त्यांनी सडेतोड उत्तर दिले. वाँटेजच्या मठातल्या हितचिंतकांना हा अहंकार वाटला. पुढे याच रमाबाईंनी दुष्काळातल्या निराधार मुलींना केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला आणि सामान्य माणसाला समजेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करत उर्वरित आयुष्य वेचले. बिशपांपुढे ताठ आणि अनाथांपुढे लीन, हीच त्यांची नम्रता होती. बिशपांना मात्र ती उलट्या दिशेने हवी होती.

म्हणून नम्रतेचा उपदेश कानी आला की तो कोण कुणाला करतो आहे, हे आधी पाहावे. धर्मगुरूने भाविकाला, नवऱ्याने बायकोला किंवा मालकाने नोकराला स्वतःच्या सोयीसाठी शिकवलेली नम्रता ही ख्रिस्ताची शिकवण नव्हे. पाय धुण्याची पाळी अधिकाऱ्याची, धर्मगुरूची, घरातल्या कर्त्याची आहे. ती त्यांनी आधी पार पाडावी, उपदेश मग करावा.