बैलाच्या खांद्यावर निवडणुकीचे जू

भातकापणी उरकली, रास घरात आली आणि शेते मोकळी झाली की रायगड जिल्ह्याला बैलगाडी शर्यतींचे वेध लागतात. रोहा-पेणच्या पट्ट्यात मोकळ्या शेतांत, तर कुंडलिका जेथे समुद्राला मिळते त्या रेवदंड्यापासून अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर ओहोटीने घट्ट झालेल्या वाळूत गाड्या धावतात. गावाची इभ्रत, घराण्याचा मान आणि वर्षभर पोटच्या पोरासारखी जपलेली जोडी यांचा तो उत्सव असतो. अलीकडे मात्र या ऋतूला आणखी एक ऋतू येऊन चिकटला आहे, तो निवडणुकीचा. ७ मे २०२४ रोजी रायगड लोकसभेसाठी, २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी आणि २ डिसेंबर २०२५ रोजी रोह्यासह जिल्ह्यातील नगरपरिषदांसाठी मतदान झाले. दीड-पावणेदोन वर्षांत मतदार तीनदा रांगेत उभा राहिला. अशा वातावरणात शर्यतीची परवानगी ही परंपरेची बाब राहते की मतांच्या सौद्याची, हा प्रश्न परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच प्रथम विचारला पाहिजे.

या परवानगीचा इतिहास फार जुना नाही. पण तो पुरेसा बोलका आहे. ११ जुलै २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एका अधिसूचनेद्वारे अस्वल, माकड, वाघ, सिंह यांच्या पंक्तीत बैलालाही बसवले आणि त्याचे प्रशिक्षण व प्रदर्शन निषिद्ध ठरवले. सर्कशीतील वाघ आणि कुणब्याच्या गोठ्यातील बैल यांतला भेद दिल्लीतील कार्यालयाला जाणवला नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रासह देशभरातील बैलगाडी शर्यती यांवर बंदी घातली. ७ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने नवी अधिसूचना काढून सवलत दिली. तामिळनाडूची विधानसभा निवडणूक अवघ्या चार महिन्यांवर आली होती. पाचव्याच दिवशी, १२ जानेवारीला, न्यायालयाने तिला स्थगिती दिली. निवडणुकीच्या तोंडावर घाईने दिलेली सवलत किती टिकते, याचा तो धडाच होता.

जे अधिसूचनेने साधले नाही ते पुढे लोकशक्तीने आणि विधिमंडळाने साधले. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लाखो तरुण जमले आणि तामिळनाडूने आपला कायदा केला. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तरीही मुंबई उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने परवानग्या अडल्या. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियमांच्या अधीन राहून महाराष्ट्रात शर्यतींना मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. एखादी प्रथा संस्कृतीचा भाग आहे की नाही हे ठरवण्याचे काम विधिमंडळाचे आहे, हे तत्त्व घटनापीठाने मान्य केले. म्हणजे बारा वर्षांचा हा लढा कोणा पुढाऱ्याच्या कृपेने नव्हे, तर घटनेच्या मार्गाने जिंकला गेला. २०२१ च्या निकालानंतर श्रेयासाठी सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात जी अहमहमिका लागली, ती म्हणूनच केविलवाणी होती.

शर्यतींच्या विरोधकांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. पण त्यांच्या भूमिकेतील विसंगती नजरेआड करण्यासारखीही नाही. ज्या १९६० च्या अधिनियमाचा ते आधार घेतात, त्याच अधिनियमाचे २८ वे कलम कोणत्याही समाजाच्या धर्मानुसार आवश्यक असलेल्या पद्धतीने प्राण्याचा वध करणे हा गुन्हा मानत नाही. प्राण्याचा जीव घेण्यास धर्माची सबब चालते आणि त्याला पळवण्यास परंपरेची सबब चालत नाही, ही कोणती भूतदया? याचा अर्थ दयेचा विचारच परका आहे, असा मात्र कोणी घेऊ नये. या कायद्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा आग्रह होता. भरतनाट्यमला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या या विदुषीने १९५० च्या दशकात राज्यसभेत त्यासाठी विधेयक मांडले आणि पुढे प्राणी कल्याण मंडळाचे पहिले अध्यक्षपद भूषवले. परंपरेचे पुनरुज्जीवन आणि मुक्या जिवाची कणव या दोन्ही गोष्टी एकाच हिंदू मनात सुखाने नांदू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

खरा प्रश्न बैलाच्या भवितव्याचा आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ६ कोटी ७९ लाख बैल व वळू होते. २०१९ च्या गणनेत ते ४ कोटी ७४ लाखांवर आले. सात वर्षांत तीस टक्के घट! याच काळात गायींची संख्या अठरा टक्क्यांनी वाढली. ट्रॅक्टर आला, पॉवर टिलर आला, नांगर वळचणीला गेला आणि गोऱ्हा जन्मला की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडू लागली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये बैल व वळू यांच्या हत्येवरही बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु कायदा बैलाला सुरीपासून वाचवतो, त्याच्या दाव्याला वैरण बांधत नाही. ती शेतकऱ्यालाच बांधावी लागते आणि ती बांधण्याला काही निमित्त लागते. शर्यत हे असे एक निमित्त आहे. शर्यतीच्या खिल्लार खोंडाला मिळणारी किंमत आणि मान यांमुळे देशी वंशाची जोपासना करणारी घरे अजून टिकून आहेत. कोकणच्या मातीतील, चणीने लहान पण काटक अशा ‘कोकण कपिला’ गोवंशाला जातिवंत म्हणून नोंद मिळाली आहे. त्यालाही उद्या असे निमित्त लागणार आहे. गोवंशरक्षणाची भाषा बोलणाऱ्यांनी गोठ्याचे हे अर्थशास्त्र समजून घेतलेच पाहिजे.

पण हा युक्तिवाद एका अटीवरच उभा राहतो. ज्या बैलाच्या रक्षणासाठी शर्यत हवी, त्या बैलाला शर्यतीत यातना होता कामा नयेत. २०१४ च्या निकालात न्यायालयापुढे जे आले ते सगळेच कपोलकल्पित नव्हते. शेपटी पिरगाळणे, आर टोचणे, चाबकाने फोडून काढणे, उत्तेजक पाजणे हे प्रकार घडत होते. पोळ्याला ज्याची पूजा करायची, शिवाच्या मंदिरात ज्याच्या शिंगांतून दर्शन घ्यायचे, त्याच्या पाठीवर शर्यतीच्या दिवशी वळ उठवायचे, हा धर्म नव्हे. २०१७ चे नियम नेमके यासाठीच आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, एक हजार मीटरची कमाल मर्यादा, धावांमध्ये विश्रांती, काठी-चाबूक-टोचणीला मज्जाव, चित्रीकरण आणि भंग करणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास. घटनापीठाने या नियमांच्या काटेकोर पालनाची जबाबदारी जिल्हा दंडाधिकाऱ्यांवर टाकली आहे. मिळालेली परवानगी अशी सशर्त आहे. ती गमावण्यासाठी विरोधकांच्या याचिकेची गरज नाही; एका बैलाच्या रक्ताळलेल्या पाठीचे चित्रीकरणही पुरेसे आहे.

निवडणुकीचा ऋतू येथेच घातक ठरतो. परवानगी देणारे जिल्हाधिकारी हेच जिल्हा निवडणूक अधिकारीही असतात. आचारसंहितेच्या काळात पोलीस, महसूल कर्मचारी, सारी यंत्रणा मतदानाच्या कामाला जुंपलेली असते. मग दोनच गोष्टी संभवतात. एक तर मनुष्यबळ नाही म्हणून गावाच्या जत्रेतील रीतसर शर्यतही नाकारली जाते, किंवा वजनदार नेत्याच्या दबावापुढे नियमांकडे काणाडोळा करून परवानगी दिली जाते. पहिल्यात परंपरेवर अन्याय, दुसऱ्यात बैलावर. शिवाय बक्षिसांचे आकडे पाहिले तर डोळे दिपतात. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीतील शर्यतीत पहिले बक्षीस जेसीबी यंत्राचे होते. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये, पालिका निवडणुकांच्या तोंडावर, सांगली जिल्ह्यातील शर्यतीत फॉर्च्युनर आणि थार गाड्यांची लयलूट झाली. जेथे पूर्वी ढाल, फेटा आणि गावाचा जयजयकार पुरेसा होता, तेथे तीस-चाळीस लाखांची मोटार टांगली की गाडीवानाचा हात चाबकाकडे जाणारच. बक्षीस जितके मोठे, तितकी बैलाची पाठ असुरक्षित. साधा गणितीचा नियम आहे. आणि ज्या विधानसभा उमेदवाराला खर्चाची मर्यादा चाळीस लाखांची आहे, त्याच्या फलकाखाली तेवढ्याच किमतीची मोटार वाटली जात असेल, तर तो खर्च कोणाच्या खात्यात धरायचा, हे निवडणूक यंत्रणेने एकदा स्पष्ट करावयास हवे.

रोह्याला याचे उत्तर बाहेर शोधण्याची गरज नाही. रोह्याचे ग्रामदैवत श्री धावीर महाराज. दसऱ्याच्या सुमारास महाराजांची पालखी निघते, पोलिसांकडून देवाला सशस्त्र मानवंदना दिली जाते आणि पालखी सारे गाव फिरते. २००९, २०१४ आणि २०१९ या तिन्ही विधानसभा निवडणुका ऑक्टोबरमध्ये झाल्या; तिन्ही वेळा दसरा आचारसंहितेतच आला. देवाची पालखी मात्र कोणा उमेदवाराच्या शिफारशीवर अवलंबून राहिली नाही. ती गावाची असते, दिवस ठरलेला असतो, मार्ग ठरलेला असतो, मान ठरलेले असतात. म्हणूनच सत्ता कोणाचीही असो, शासन तिच्यापुढे शस्त्र खाली करून उभे राहते. परंपरेचे सामर्थ्य असे शिस्तीतून येते. ज्या प्रथेला दरवर्षी पुढाऱ्याच्या दारात उभे राहावे लागते, ती प्रथा हळूहळू पुढाऱ्याची होते.

बैलगाडी शर्यतींनाही हीच शिस्त हवी. जत्रा, यात्रा व सणांना जोडलेल्या शर्यतींचे वार्षिक वेळापत्रक ग्रामपंचायती आणि यात्रा समित्यांनी आगाऊ ठरवून जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावे आणि अशा शर्यतींना निवडणूक असो वा नसो, नियम पाळण्याच्या हमीवर परवानगी मिळावी. आचारसंहितेच्या काळात उमेदवाराने वा त्याच्या नावाने भरवलेल्या शर्यतीला मात्र परवानगी नसावी. मैदानावर देवाचे आणि गावाचे नाव असावे, पक्षाचे नसावे. बक्षिसाला मर्यादा असावी आणि त्याचा काही भाग चारा, औषधोपचार व गावातील म्हाताऱ्या बैलांच्या सांभाळासाठी राखून ठेवावा. चाबूक उगारणाऱ्या गाडीवानाला पंचांनीच बाद करावे; पोलीस येण्याची वाट पाहू नये. स्थानिक कार्यकर्त्यांनी शर्यतीला जाताना गुलाल न्यावा तसा नियमांचा कागदही सोबत न्यावा, आणि जेथे जोडीला इजा होताना दिसेल तेथे आपला-परका न पाहता गाडी थांबवावी.

न्यायालयाने समाजावर विश्वास टाकला आहे. विधिमंडळाने कायदा दिला, घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आता परीक्षा समाजाची आहे. निवडणुका येतील आणि जातील, आमदार-खासदार बदलतील, फलक उतरतील. गोठ्यातील बैल मात्र तेथेच असेल. त्याच्या खांद्यावर शेतीचे जू शतकानुशतके होते. ते त्याने निमूटपणे वाहिले आणि आपली घरे पोसली. त्या खांद्यावर आता मतांचे जू चढवू नये. एवढी कृतज्ञता ज्या समाजात उरली असेल, त्याच समाजाला त्याची शर्यत पाहण्याचा अधिकार आहे.