ट्रॅक्टर 5 टक्क्यांत आला, पण तो सांभाळायचा हिशेब कोण करणार?

पुणे-सोलापूर हायवेनं भिगवण, पळसदेव मागं टाकलं की लोणी देवकर लागतं. इकडं एमआयडीसी, तिकडं उजनीचं बॅकवॉटर आणि मधे ऊस. या पट्ट्यात ज्याच्या दारात ट्रॅक्टर, त्याचा शब्द थोडा वजनदार, असा हिशेब आहे. त्यामुळं 3 सप्टेंबर 2025 ला जीएसटी कौन्सिलनं ट्रॅक्टरवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला, तेव्हा अनेक घरांत जुनाच विषय परत निघाला. आता घ्यायचा का?

नवे दर 22 सप्टेंबर 2025 पासून लागू झाले. पण कर नेमका कशावरचा कमी झाला आणि कशावरचा नाही, हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

स्वस्त काय झालं?

समजा करापूर्वी ट्रॅक्टरची किंमत 6 लाख आहे. 12 टक्क्यांनी त्यावर 72 हजार कर लागायचा, आता 5 टक्क्यांनी 30 हजार लागतो. म्हणजे सरळ 42 हजार वाचले. ट्रॅक्टरचे टायर, ट्यूब आणि क्लच, ब्रेक, रेडिएटर, गिअर बॉक्स असे बरेच पार्ट 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आले. ठिबक आणि तुषार सिंचनाचं साहित्यही 12 वरून 5 वर आलं. डेअरीला दुधाचे कॅन आणि शेतातून वैरणीचा भारा वाहणारी मोटरसायकल 350 सीसीपर्यंतची असेल तर तिचा कर 28 वरून 18 टक्के झाला. बॅटरीचाही तसाच.

ही सवलत खरी आहे, त्यात वाद नाही.

मग अडचण कुठंय?

ट्रॅक्टर दहा-पंधरा वर्षांतून एकदा घेतला जातो. टायर काही वर्षांनी. क्लच बिघडला तर. दर आठवड्याला लागतं ते डिझेल, आणि ते जीएसटीत नाहीच. त्यावरच्या केंद्राच्या एक्साइजला आणि राज्याच्या व्हॅटला या कपातीनं हात लावला नाही. इंजिन ऑइलवर आधीही 18 टक्के होते, आजही 18 टक्केच आहेत.

आता साधा हिशेब. रोटाव्हेटर जोडलेला मध्यम ताकदीचा ट्रॅक्टर तासाला साधारण 5 लिटर डिझेल पितो. लिटरला 90 रुपये धरले तर तासाला 450 रुपये. या दरानं करात वाचलेले 42 हजार 93 तासांत धूर होऊन जातात. म्हणजे सवलत घेतानाच मिळते, खर्च मात्र ट्रॅक्टर आहे तोवर चालू राहतो.

तीन एकराला किती तास लागतात?

2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडं सरासरी 1.34 हेक्टर जमीन आहे, म्हणजे सव्वातीन एकर. एवढ्या रानाची नांगरट, रोटा, सरी असं सगळं धरलं तरी घरच्या कामाचे तास थोडेच भरतात. मग हप्ता निघावा म्हणून ट्रॅक्टर भाड्यानं दुसऱ्याच्या रानात जातो, हंगामात उसाच्या खेपा करतो. तास वाढले की झीजही वाढते.

आणि नुसता उभा राहिला तरी खर्च चुकत नाही. बॅटरी उतरते, अर्ध्या टाकीत पाणी धरतं, उंदीर वायरी कुरतडतात. म्हणून तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावं लागतंच.

निगा म्हणजे नेमकं काय?

ट्रॅक्टरचं वय किलोमीटरवर नाही, तासांच्या मीटरवर मोजतात. बऱ्याच मॉडेलना 250 तासांच्या आसपास ऑइल बदलावं लागतं, नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. पण मोठा खर्च टाळतात ती रोजची दहा मिनिटं. सपाट जागेवर, गाडी चालू करण्याआधी ऑइलची पट्टी बघायची. रेडिएटरचं पाणी बघायचं, पण इंजिन थंड असताना. ऑइल बाथ एअर क्लीनर असेल तर वाटीत माती किती साचली ते पाहायचं, कारण रोटा मारताना उडणारा फुफाटा इंजिनात गेला की पिस्टन-लायनर खातो. ग्रीसच्या निपलांना ग्रीस मारायचं. रोटाव्हेटरच्या पात्यांचे बोल्ट आवळायचे. संध्याकाळी टाकी भरून ठेवली तर रात्रीच्या गारव्यानं टाकीत पाणी धरत नाही.

याला फारसे पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. आणि छोट्या शेतकऱ्याच्या घरात नेमका तोच नसतो. पहाटे धारा, शेण-गोठा, मग डेअरीची वेळ गाठायची. लाइट रात्रीची असेल तर पाणी धरायला जागरण. वैरण काढायची, कुट्टी करायची. एवढ्या रगाड्यात ऑइलची पट्टी बघायचं राहून जातं. आज राहिलं, उद्या राहिलं, आणि ऐन हंगामात गाडी गॅरेजला लागते. तेव्हा बिलापेक्षा मोडलेले दिवस महाग पडतात.

निगा फक्त पैशाची गोष्ट नाही

कारखाने सुरू झाले की या हायवेवर रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर निघतात. मागचा दिवा बंद, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, आणि मागून शंभरच्या स्पीडनं येणारी कार. दरवर्षी असे अपघात होतात. टेपवर गाणी लावायला हजारो रुपयांचे स्पीकर बसवणारी ट्रॉली मागं एक दिवा नसताना फिरते, हे चित्र नवीन नाही. जोडणीची पिन, ट्रॉलीचे टायर आणि मागचा उजेड हे तीन बघायला पाच मिनिटं लागतात.

मग घ्यायचा की नाही?

निर्णय 42 हजारांवर घेऊ नये. वर्षाला घरचे किती तास, भाड्याचे पक्के किती तास आणि रोज ट्रॅक्टरकडं बघणारा माणूस कोण, या तिन्हींची उत्तरं वहीत लिहून काढावीत. तास कमी भरत असतील तर भाड्याचा ट्रॅक्टर किंवा अवजारे बँक स्वस्त पडते. दोघा-तिघा भावकीत मिळून घ्यायचा असेल, तर ऑइल कोण बदलणार हे आधीच ठरवून टाकावं. भांडण बहुतेक तिथूनच सुरू होतं.

सरकारनं कर कमी केला, तो शोरूमच्या दारात. गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची सकाळची दहा मिनिटं मात्र घरातल्याच कुणाला तरी काढावी लागतात.