आवाजाची काटकसर

आमच्या घरांत १९९४ सालीं झालेल्या एका मुंजीचें चित्रण व्हिडिओ कॅसेटवर होतें. त्यांत आमच्या मातोश्रींनीं म्हटलेलीं मंगलाष्टकें आहेत. त्यांचा आवाज अन्यत्र कोठेंहि उरलेला नाहीं. फितीस बुरशी धरूं लागली, म्हणून आम्हीं ती एका दुकानांतून डीव्हीडीवर उतरवून आणली आणि एका रविवारीं सर्व मंडळी ऐकावयास बसलों. चित्र बरें होतें. परंतु मातोश्री श्वास घेण्यास थांबल्या कीं फितीची खरखर उसळे, आणि स्वर चढला कीं तो दाबल्यासारखा वाटे. आमच्या वहिनी म्हणाल्या, “भावोजी, सासूबाई अशा म्हणत नसत,” आणि उठून आंत गेल्या.

आमच्या पुतण्यानें शोध घेतला, तो वाचकांपुढें ठेवतों. कारण अशा कॅसेटी पुण्यांतील पुष्कळ घरांच्या कपाटांत अद्याप पडून आहेत.

तबकडी तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमध्यें आवाजासाठीं मुख्यतः दोन पर्याय असतात. पहिला पीसीएम. यांत आवाजाचीं सेकंदाला ४८,००० मापें घेऊन तीं जशींच्या तशीं नोंदवितात. दोन वाहिन्या धरून सेकंदास १५ लक्ष ३६ हजार बिट लागतात. दुसरा डॉल्बी डिजिटल. कानास सहसा जाणवणार नाहीं तेवढा अंश गाळून तो १ लक्ष ९२ हजार बिटांत, म्हणजे आठव्या हिश्श्यांत, काम भागवितो. व्याकरणांत प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचें कार्य राहतें. येथें गाळलें तें कायमचें गेलें.

परंतु आमचा घात एवढ्यानें झाला नव्हता. डॉल्बीच्या पर्यायांत ‘कॉम्प्रेशन’ नांवाचा एक रकाना असतो, आणि तो पुष्कळदां आधींच ‘फिल्म स्टँडर्ड’वर ठेवलेला असतो. त्या सूचनेनुसार ऐकविणारें यंत्र हळू आवाज वाढवितें व मोठा उतरवितें. रात्रीं चित्रपट पाहतांना कुजबूज ऐकूं यावी आणि स्फोटानें शेजारी जागे होऊं नयेत, यासाठीं ती सोय उत्तम आहे. गाण्यांत मात्र चढउतार हाच प्राण! संगीतासाठीं तेथें ‘नाहीं’ निवडावें व संवादपातळी उणें ३१ ठेवावी, म्हणजे यंत्र आवाजास हात लावीत नाहीं.

सहा वाहिन्यांच्या मोहांतहि पडूं नये. आमच्या फितीवर ध्वनिमार्ग एकच. ‘प्रभात’नें पुण्यांत काढलेला १९३६ चा ‘संत तुकाराम’हि एकाच ध्वनिमार्गाचा, म्हणून त्यांतील अभंग कोणास उणे वाटले काय?

आतां जागेचा हिशोब. साध्या तबकडीवर ४७० कोटी बाइट मावतात. आमचें चित्रण सव्वा तासाचें. पीसीएमला ८६ कोटी ४० लक्ष बाइट पुरतात, उरलेली जागा चित्रास विपुल होते. दोन तासांचें चित्रण असतें तर १३८ कोटी लागले असते आणि चित्रास थोडी झळ पोंचली असती. परंतु जुन्या कॅसेटचें चित्र मुळांतच धूसर. तेथें चित्राकडून घ्यावें व आवाजास द्यावें, असें आमचें मत आहे. चेहरे छायाचित्रांतहि असतात. आवाज दुसरीकडे नसतो.

सुदैवानें आम्हीं मूळ कॅसेट टाकली नव्हती. वाचकांनींहि टाकूं नये, आणि न गाळलेल्या आवाजाची एक प्रत निराळी जपून ठेवावी. पुतण्यानें फीत हलक्या हातानें साफ करून तबकडी पुन्हां केली. खरखर आहे; पण ती मातोश्रींच्या स्वराखालीं राहते. या खेपेस वहिनी शेवटच्या ‘सावधान’पर्यंत बसून होत्या.