मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी पालकांस जाहीर आवाहन

शाळा आता बंद होतील, आते-मामे भावंडे आजोळी जमतील, माजघरात एका ओळीने अंथरुणे पडतील. आणि या निर्मळ आनंदावर सावट आणण्याची आमची लेशमात्र इच्छा नसली तरी, लहानग्यांना लैंगिक उपद्रव देणारा सदैव परका किंवा प्रौढच असतो असे नव्हे, कधी तो आपल्याच घरातला तेरा-चौदा वर्षांचा मुलगाही असतो, ही अप्रिय गोष्ट आपल्या कानी घालणे आम्हांस अगत्याचे वाटते.

केंद्र सरकारने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक बालकांनी काही ना काही लैंगिक उपद्रव सोसल्याचे सांगितले होते, आणि बहुतेकांनी त्याची वाच्यता कोठेच केली नव्हती. करणार तरी कोणापाशी? र. धों. कर्व्यांनी लैंगिक शिक्षणासाठी 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ साली काढले, तरी शरीराविषयी मुलांशी नीट बोलण्याचा संकोच आपल्या घरांतून अद्याप गेलेला नाही. मग ते ज्ञान मुलगा मोबाइलवरील बीभत्स चित्रफितींतून मिळवतो.

समवयस्कांचे कुतूहल, जे हटकताच थांबते, त्याचा बाऊ करू नये. परंतु वयात किंवा बळात मोठे अंतर असेल, धाक वा आमिष असेल, 'कोणाला सांगू नकोस' अशी ताकीद असेल, किंवा समज देऊनही तेच पुनःपुन्हा घडत असेल, तर 'पोरंच ती' म्हणून त्यावर पांघरूण घालणे हा सोसणाऱ्या बालकावर दुसरा अन्याय होय. त्याच्या बोलण्यावर प्रथम विश्वास ठेवावा, दोघांना तत्काळ वेगळे ठेवावे. बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यान्वये अशा अपराधाची इत्तला पोलिसांस देणे बंधनकारक आहे. मुलांसाठीच्या १०९८ या मदत-क्रमांकावरही दाद मागता येते.

आणि तो मुलगा? त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, जेथे शिक्षेपेक्षा सुधारणेचा विचार अधिक होतो. अशांपैकी काहींनी स्वतःच अत्याचार वा मारहाण सोसलेली असते. त्याने कृत्याची जबाबदारी टळत नाही, पण उपचाराची वाट दिसते, आणि वेळीच समुपदेशन व देखरेख मिळालेली बहुसंख्य मुले पुन्हा त्या मार्गास जात नाहीत. त्यास बदडून घराबाहेर काढू नका, तसेच इभ्रतीपायी गुपचूप दुसऱ्या नातलगाकडेही धाडू नका. तेथेही लहान मुले आहेत.

तूर्त इतकेच करा: पिशव्या भरण्यापूर्वी, थोरल्या-धाकट्या दोघांनाही जवळ बसवून, दुसऱ्याच्या अंगाला त्याच्या इच्छेविरुद्ध हात लावायचा नाही, आणि कोणी लावला तर, तो कोणीही असो, आम्हांला सांगायचे, हे स्वच्छ शब्दांत सांगा.